तलफ आणि निश्चय

गावच्या पारावर, शेताच्या बांधावर अथवा एस. टी. च्या थांब्यावर थोडा वेळ थांबले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. कोणी तरी चंचीतून तंबाखू काढतो, तीत नखभर चुना घालतो, तळहातावर अंगठ्याने ती मळतो, दोन थापट्या मारून तिची धूळ उडवतो आणि ती चिमूट खालच्या ओठाआड ठेवून देतो. दात घासण्याच्या निमित्ताने कित्येक घरांत लावली जाणारी मिश्री, म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड, हीही तिचीच बहीण होय. तंबाखू वाईट, हे या साऱ्यांना ठाऊक असते. पुडीवर तसे चित्रासह छापलेलेही असते. मग ती सुटत का नाही?

हा प्रश्न आजचा नव्हे. तंबाखूचे मूळ स्थान अमेरिका खंड. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या देशात आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून अकबराच्या दरबारात पोहोचली. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास मनाई केली. परंतु हुकूम हुकमाच्या जागी राहिला आणि तंबाखू देशभर पसरली. ओढण्याप्रमाणे ती खाण्याचीही रीत रूढ झाली. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत, तंबाखू विकण्यास बंदी केली. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. असे कायदे नव्या पावलांना दारातच अडवतात, म्हणून ते हवेतच. तरीही २०१६-१७ च्या पाहणीत देशातील सुमारे २० कोटी प्रौढ माणसे धूरविरहित तंबाखू सेवन करताना आढळली. जो आत शिरला आहे, त्याची सुटका केवळ हुकमाने होत नाही.

याचे कारण तंबाखूच्या पानातील निकोटीन नावाच्या द्रव्यात आहे. चुन्याच्या योगाने ते मोकळे होते, तोंडातील नाजूक अस्तरातून रक्तात शिरते आणि मेंदूपर्यंत जाते. तेथे ते क्षणभर तरतरी व समाधान निर्माण करते. हळूहळू मेंदूला त्याची सवय होते आणि तेवढ्याच तरतरीसाठी अधिक तंबाखू लागू लागते. अखेर अशी स्थिती येते, की तंबाखू खाऊन सुख होत नाही. न खाल्ल्याने होणारा त्रास तेवढा थांबतो. या ओढीलाच तलफ म्हणतात. तंबाखू खाणारा मनुष्य दुष्ट नसतो, आळशीही नसतो. त्याच्या शरीराने एक चुकीचा धडा पाठ केलेला असतो.

या धड्याची किंमत मात्र भारी पडते. चिमूट रोज जेथे ठेवली जाते, तेथील अस्तर पांढरे पडते, हिरड्या झिजतात आणि पुढे तेथेच कर्करोग उद्भवू शकतो. सोबत सुपारी खाणाऱ्यांचे तोंड कधी कधी इतके आखडते, की घासही नीट आत जात नाही. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा अथवा लाल चट्टा दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. आरंभीच ओळखलेला रोग बरा होण्याची आशा पुष्कळ असते.

मग तंबाखू सोडावी कशी? प्रथम एक दिवस ठरवावा आणि तो घरच्यांना सांगावा. त्या दिवशी पुडी, चुन्याची डबी, चंची, सारे टाकून द्यावे. तलफ केव्हा येते, हे आधी पाहून ठेवावे. कोणाला ती जेवणानंतर येते, कोणाला चहानंतर, कोणाला मित्रमंडळी जमली म्हणजे. त्या वेळची जागा आणि काम बदलावे. पहिले दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. प्रत्येक तलफही लाटेसारखी असते. ती चढते, काही मिनिटे टिकते आणि उतरते. तेवढी मिनिटे घोट घोट पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, चार पावले चालून यावे. सुपारी मात्र तोंडात धरू नये, कारण तीही कर्करोगास कारण होते. इतके करूनही जमत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे घेता येतात. १८००-११२-३५६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास विनामूल्य मार्गदर्शनही मिळते.

यात घरातील मुलांनाही वाटा उचलता येतो. वडिलांनी किंवा काकांनी तंबाखू सोडायला घेतली असेल, तर त्यांना टोमणे मारू नयेत. त्या दिवसांतली चिडचिड त्यांची नव्हे, तलफेची असते. 'आज चौथा दिवस', असे मोजून त्यांना धीर द्यावा. कोणी पुडी आणायला दुकानात धाडले, तर नम्रपणे नकार द्यावा. कायदा मुलांच्याच बाजूने आहे. एखादे दिवशी मोहाने बार भरला गेला, म्हणून सारे व्यर्थ झाले असे समजू नये. पुष्कळांना एकाहून अधिक प्रयत्नांनंतरच यश येते. पाऊल कोठे घसरले, ते पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

बादशहाच्या हुकमाला जे साधले नाही, ते मनुष्याचा निश्चय आणि घरच्यांची साथ यांनी साधते. आणि ज्याने पहिली चिमूट घेतलीच नाही, त्याला तर ही लढाई लढावीच लागत नाही.