शिंपल्याचे ऑपरेशन

कौंडण्यपूरच्या घाटावरून वर्धेच्या पात्रात उतरणाऱ्याला काळपट, तळहाताएवढा शिंपला नवा नाही. जुन्या बाया बाळाला घुटी शिंपलीनेच पाजत. आता तिवसा, मोर्शीकडे शेततळी झाली आणि मोबाइलवर ‘घरबसल्या मोत्यांची शेती’ असे व्हिडिओ फिरू लागले, तेव्हापासून या शिंपल्याकडे बघण्याची नजर बदलली आहे.

स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, असे आजी सांगते. नातू शाळेत शिकून येतो की वाळूचा कण शिरला म्हणजे मोती होतो. दोघांचेही चुकते. जन्मभर गाळात राहणाऱ्या प्राण्याला वाळूचा कण बाहेर टाकता येतोच. खरा प्रकार डॉक्टरला ओळखीचा वाटावा असा आहे. शिंपल्याच्या कवचाला आतून एक पातळ पडदा लागून असतो, त्याला प्रावार म्हणतात. त्याच्या बाहेरच्या पेशी कवच बांधतात. एखादा कृमी शिरला किंवा इजा झाली, की यातल्या काही पेशी आत ढकलल्या जातात. तिथे त्या बंद पिशवी तयार करतात आणि आपले नेहमीचे काम चालू ठेवतात. कवचाचा माल त्या पिशवीत थरावर थर साचत जातो.

शेतात काटा रुतलेल्या माणसाच्या बोटावर काही महिन्यांनी गुळगुळीत गाठ येते, तीही अशीच. काट्यासोबत कातडीच्या पेशी आत जातात, पिशवी होते आणि आत पांढरा लगदा साचतो. माणसाची गाठ कापून फेकून देतात, शिंपल्याची नथीत बसवतात.

मोत्याचा बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूत असते तेच द्रव्य. पण इथे त्याचे पापुद्रे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ असतात आणि मध्ये प्रथिनाचा चिकट थर असतो. प्रकाश त्या थरांवरून परतताना रंग खेळतात. मोत्याचे पाणी म्हणतात ते हेच.

ही इजा मुद्दाम करण्याची विद्या जुनी आहे. चीनमध्ये 13 व्या शतकापासून शिंपल्यात बुद्धाच्या छोट्या मूर्ती सरकवून त्यावर मोत्याचा थर चढवत. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी 1893 मध्ये समुद्री शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला. आपल्याकडे गोड्या पाण्यातील मोत्यांचे तंत्र भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय मत्स्यसंवर्धन संस्थेत 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून बसवले गेले. त्यासाठी वापरला जाणारा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा शिंपला नदी-तलावांतलाच. महाराष्ट्रात गडचिरोलीकडे वैनगंगेच्या काठीही हा प्रयोग झाला आहे.

हे सरळसरळ ऑपरेशन आहे. आधी दोन-तीन दिवस शिंपले टाकीत दाटीने ठेवतात, म्हणजे कवच मिटणारा स्नायू सैल पडतो. मग कवच जेमतेम सेंटिमीटरभर उघडायचे. जास्त ताणले की स्नायू फाटतो आणि शिंपला मरतो. सोप्या पद्धतीत प्रावार आणि कवच यांच्यामध्ये गणपतीचा किंवा फुलाचा साचा सरकवतात. गोल मोत्यासाठी दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा दोन मिलिमीटरचा तुकडा रोपावा लागतो. मोत्याची पिशवी या देणगीदार तुकड्याच्या पेशींतून होते, त्यामुळे मोती कसा निघेल हे त्या मेलेल्या देणगीदारावरही अवलंबून असते. नंतर सुमारे दहा दिवस देखरेख. मेलेला शिंपला लगेच काढला नाही, तर पाणी सडून शेजारचेही जातात. जगलेले शिंपले जाळीच्या पिशवीत दोन-दोन घालून मीटरभर खोल टांगायचे, ते 12 ते 18 महिने.

या दहा दिवसांत पाण्यात अँटिबायोटिक घालण्याची पद्धत आहे. औषध मोजून घालावे, आणि टाकीतले पाणी नाल्यात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नये. थोड्या औषधावर जगलेले जंतू पुढे माणसाच्या तापातही औषधाला दाद देत नाहीत.

शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून त्यातले शेवाळ खातो. पाण्यात विष असेल तर तेही त्याच्या अंगात उतरते, आणि माशासारखे त्याला पळता येत नाही. कपाशी-संत्र्याच्या फवारणीचा पंप शेततळ्यात धुतला, की दीड वर्षाची मेहनत एका सकाळी संपू शकते. वऱ्हाडचा मे महिना वेगळाच. उथळ तळ्यात पाणी तापते आणि प्राणवायू कमी होतो.

पैशाचे गणित इथेच बसते. किती शिंपले मेले, किती मोती वेडेवाकडे निघाले, हे व्हिडिओत सांगत नाहीत. जगातले बहुतेक गोडे मोती चीनमधून येतात आणि त्यांनी भाव पाडून ठेवले आहेत. आधी पैसे भरा, सगळा माल आम्ही परत घेऊ, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहून शंभरेक शिंपल्यांवर हात बसवलेला बरा.

न खपलेला मोती भस्माला जातो. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला त्यातून मिळते ते मुख्यतः कॅल्शियम, आणि ते दूध, नाचणी किंवा सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळीतूनही मिळते. मात्र शिंपला आणि हाड यांचे नाते खोटे नाही. होंडुरासमध्ये 1931 साली सापडलेल्या माया काळातील जबड्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकलेले होते. 1970 मध्ये क्ष-किरणांत दिसले, की त्यांच्याभोवती हाड धरले होते. म्हणजे ते माणूस जिवंत असतानाच बसवलेले. मोत्याच्या थरामुळे हाड वाढते का, यावर 1990 च्या दशकापासून फ्रान्समध्ये संशोधन झाले आहे.

राहिली शेतकऱ्याची स्वतःची काळजी. कवचाची धार हात कापते आणि तळ्याच्या पाण्यातली जखम चिघळते. मधुमेह्याने तर हातमोज्याशिवाय बसूच नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याची भिंत शेवाळाने इतकी निसरडी होते, की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पिशव्या तपासायला उतरावे लागते आणि मागोमाग पोरे येतात. म्हणून पहिला शिंपला टाकण्याआधी तळ्याला कुंपण घालावे, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडावेत आणि हवा भरलेली एक ट्यूब काठावर बांधून ठेवावी.