भाडोत्री फौज : खेळांतील व दप्तरांतील

कुरुंदा (तालुका वसमत, जिल्हा हिंगोली) येथील एका तरुण विद्यार्थ्याकडून आमच्याकडे एक पृच्छा आली आहे. प्राचीन ग्रीक युद्धांवर रचलेल्या एका संगणकीय खेळांत भाडोत्री पथकें घालावयाचीं आहेत. तीं इतिहासास धरून असावीं, तर काय काय पाहिलें पाहिजे, असा तिचा आशय आहे. विषय या पृष्ठांस अपरिचित वाटेल. तथापि विचार करतां असें दिसून आलें कीं, या प्रश्नाचें उत्तर जितकें ग्रीक ग्रंथांत आहे, तितकेंच आमच्या वाचकांच्या संग्रहांतील जुन्या कागदांतही आहे. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

अशा खेळांत बहुधा मोहरा दिल्या कीं पथक हजर होतें, मरेपर्यंत लढतें, व पुढें कांहीं मागत नाहीं. वास्तविक भाडोत्री फौजेचा इतिहास पहिली रक्कम दिल्यानंतर सुरू होतो. इ. स. पूर्वी ४०१ मध्यें धाकट्या सायरसनें आपल्या भावाविरुद्ध ग्रीक शिपाई नेले, त्या मोहिमेचा वृत्तांत तिच्यांत स्वतः असलेल्या झेनोफननें लिहून ठेविला आहे. वाटेंत तीन महिन्यांहून अधिक पगार थकला व शिपाई सायरसच्या दाराशीं जाऊन तगादा करूं लागले. पुढें तार्ससपाशीं त्यांनीं पाऊल उचलण्याचेंच नाकारलें, तेव्हां दरमहा एका दारिकाच्या जागीं दीड दारिक देण्याचें कबूल करावें लागलें. तगादा, अडवणूक, तडजोड व कूच हा क्रम मराठी दप्तर चाळणाऱ्यास नवा नाहीं.

पानिपतच्या मोहिमेंत इब्राहिमखान गारद्याकडे सुमारें ८ ते ९ हजार कवायती पायदळ होतें. खान पूर्वी फ्रेंचांच्या व निजामाच्या पदरीं राहिलेला. गारदी हा शब्दही फ्रेंच भाषेंतून आलेला. आपल्या लोकांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून तो हट्ट धरी व त्यावरून भाऊसाहेबांची त्याजवर नाराजी होई. काशीराजाच्या वृत्तांतावरून दिसतें कीं, ता. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं खानानें याच गोष्टीची आठवण देऊन, आज त्या पगाराची फेड होईल, अशा अर्थाचें भाषण केलें. त्या दिवशीं त्याच्या पलटणी रोहिल्यांशीं लढतां लढतां बहुतेक कापल्या गेल्या व खान कैद होऊन मारला गेला. उलटपक्षीं ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं थकलेल्या पगाराचें निमित्त पुढें करून गारदी शनिवारवाड्यांत शिरले, व त्या दिवशीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी हें नांव दोन्हीकडे एकच. यास्तव ‘भाडोत्री शिपाई स्वभावतः बेइमान’ असा ठोकळ अंक खेळांत घालणें अनैतिहासिक होय. इमानाचा अंक थकबाकीचे महिने, सरदाराचा वचक व धन्याचें वर्तन यांवर चढता-उतरता ठेवावा.

दुसरी गोष्ट पथकाच्या विशेष कौशल्याची. ग्रीकांत तिरंदाज क्रीटचे, गोफणदार ऱ्होड्सचे, हलके भालेकरी थ्रेसचे, अशी ख्याति होती. झेनोफनच्या सैन्यांतील ऱ्होड्सचे लोक शिशाच्या गोळ्या वापरीत, व त्यांचा मारा इराणी गोफणींच्या पुढें जाई. हीच विभागणी आपल्याकडे आढळते. अरबांची कीर्ति किल्ला व गढी लढविण्यांत. नागपुरास डिसेंबर १८१७ मध्यें मैदानांतील लढाई हरल्यावरही अरबांनीं शहर सोडलें नाहीं; कुटुंबकबिला व चीजवस्तू घेऊन जाण्याची हमी मिळाली तेव्हांच ते बाहेर पडले. मालेगांव त्यांनीं १८१८ च्या मे-जूनमध्यें झुंजविलें. हिंगोलीच्याच मुलखांत हटकर नाईक नोवसाजी यांच्या नोव्हा येथील गढींत १८१९ च्या जानेवारींत अरबच होते. असें पथक मोकळ्या मैदानांत दुर्बळ व तटामागें दुप्पट बळाचें धरावें.

तिसरी गोष्ट हिशेबाची. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. शिलेदारास मोहिमेपूर्वीं नालबंदी द्यावी लागे. पेंढाऱ्यांस पगार नव्हता, त्यांचा चरितार्थ लुटीवर. अर्थात् पेंढारी खेळांत फुकट मिळावे, परंतु ज्या मुलखांतून जातील त्याचा वसूल बुडावा. सर्व पथकांस एकच किंमत लावणें म्हणजे फडणिसाची वही फाडून टाकणें होय.

थकबाकीचा शेवट कोठवर जातो याचें उदाहरण हिंगोलीकरांस दूर शोधावयास नको. येथें निजामाच्या खर्चानें पोसलेल्या, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकुमांतील कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या खर्चाची बाकी वाढत गेली व १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत गेला. फौज १९०३ मध्यें हिंदी सैन्यांत विलीन झाली, पण वऱ्हाड निजामाकडे परत आला नाहीं. १९०२ च्या करारानें तो दरसाल २५ लक्ष रुपयांवर कायमचा लावून दिला गेला होता. लढाई न हरतां केवळ फौजेच्या देण्यापायीं प्रांत गमावतां येतो, हा नियम कोणत्याही खेळांत असण्यासारखा आहे.

आतां आमच्या संग्राहक वाचकांस एक विनंति. मोर्तबाच्या सनदा व नामांकितांचीं पत्रें सर्व जपतात; हजिरीचे बंद, चेहरेपट्ट्या, नालबंदीच्या यादी मात्र रूक्ष हिशेब म्हणून रद्दींत जातात. वरील प्रत्येक प्रश्नाचें खरें उत्तर त्याच कागदांत असतें : कोण शिपाई, कोणत्या गांवचा, किती महिने थकला. पुढील पिढी युद्धाची पहिली ओळख खेळांतून करून घेणार, हें आम्हांस आवडो वा न आवडो. त्या खेळांतील शिपाई केवळ विकत घेतलेलें सोंगटें राहावें, कीं पगाराची वाट पाहणारा, घरदार असलेला मनुष्य दिसावा, हें त्या बंदांच्या जतनावर अवलंबून आहे. कुरुंद्याच्या पृच्छकास आमचें उत्तर एवढेंच कीं, पथकाची तलवार काढण्यापूर्वीं त्याचें हजिरीपत्रक काढावें.