तारीख ठाऊक असलेली माणसं

फोन करणारं माणूस कोणीही असो, दुसरं-तिसरं वाक्य ठरलेलं असतं : ‘घर तसं घाण नाहीये हां आमचं.’ आणि लगेच पुढे, ‘पण रविवारी वास्तुशांत आहे.’ किंवा मुलीला बघायला पाहुणे येणारेत. किंवा भाडेकरूनं घर सोडलंय आणि एक तारखेला नवे लोक यायचेत.

थेरगाव, वाकड, पुनावळे या पट्ट्यात मी घरांच्या सफाईचा छोटा व्यवसाय चालवते. पाच-सहा बायका, दोन पोरं, एक व्हॅक्यूम, फरशी घासायचं एक मशीन आणि नवऱ्याचा टेम्पो एवढाच पसारा. या धंद्यात नवं गिऱ्हाईक कसं मिळतं, असं कोणी विचारलं तर उत्तर त्या फोनमध्येच आहे. घर घाण झालं म्हणून आम्हाला कोणी बोलवत नाही. तारीख जवळ आली म्हणून बोलवतात. घाण कबूल करायला माणसाला संकोच वाटतो, घरातलं कार्य मात्र चारचौघांत सांगता येतं.

त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला निघायचं ते कुठल्या घरात कुठली तारीख जवळ आलीय, हे शोधायला. पेपरात घालून वाटलेलं पत्रक फुकट जातं ते याचसाठी. पहाटे पेपरवाल्यांकडे गठ्ठा द्यायचा, हजारी दरानं पैसे मोजायचे, आणि सकाळी चहाबरोबर ते ज्याच्या हातात पडतं त्याच्या घरी त्या आठवड्यात काहीच नसतं. पत्रक रद्दीत जातं. तेच पत्रक रंगकाम संपत आलेल्या घराच्या ओट्यावर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत फोन येतो.

रंगारी हा आमचा पहिला खबऱ्या. घर कोणत्या दिवशी मोकळं होणार, हे त्याला मालकाच्या आधी कळतं. शेवटचा हात मारून तो निघतो तेव्हा फरशीवर पुट्टीची भुकटी असते, स्विचबोर्डांच्या कडेला रंगाचे ओघळ, नळांवर शिंतोडे. त्याच्या मजुरीत ही सफाई धरलेली नसते आणि घरमालकाला वाटत असतं की धरलीय. दोघांची तोंडं फुगायच्या आत आमचं कार्ड पुढे आलेलं बरं असतं. कामामागे आम्ही रंगाऱ्याला थोडे पैसे देतो. पण त्याला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की आमच्या बायका त्याच्या ताज्या भिंतीला ओलं फडकं लावत नाहीत. मॅट रंग पुरता कडक व्हायला बरेच दिवस लागतात. त्याआधी घासून पुसलं की भिंतीवर चकाकता पट्टा उठतो आणि तो पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाही. असा पट्टा उठला की मालक रंगाऱ्याला परत बोलावतो, आणि रंगारी आमचं नाव कायमचं टाकतो.

दुसरा खबऱ्या भाडेकराराचा एजंट. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो नेहमीच्या अकरा महिन्यांचा का असेना. हिंजवडीच्या आयटीवाल्यांना हे सगळं घरबसल्या हवं असतं. म्हणून एजंट लॅपटॉप आणि अंगठा घेण्याचं यंत्र घेऊन रात्री आठ-नऊला घरी येतो. मालक आणि भाडेकरू एका सोफ्यावर बसलेले, कराराची तारीख समोर स्क्रीनवर, आणि जुन्या भाडेकरूनं सोडलेल्या स्वयंपाकघरातल्या तेलकट टाइल्स समोर. ‘साफसफाई कोण करून देणार?’ हा प्रश्न तिथेच निघतो. त्या वेळी एजंटनं सांगितलेला एक फोन नंबर हजार पत्रकांना भारी पडतो. तो एजंट कराराच्या मुदतीही लिहून ठेवतो, त्यामुळे अकरा महिन्यांनी कोणतं घर पुन्हा हलेल याचा अंदाज त्याच्या वहीत असतो.

तिसरं ठिकाण म्हणजे पूजा साहित्याचं दुकान. वास्तुशांतीची यादी घेऊन आलेला माणूस तारीख सांगितल्याशिवाय बाहेर पडत नाही. समिधा, सुपाऱ्या, नारळ बांधून होतात तोवर दुकानदार विचारतोच, ‘घर झालं का तयार?’ घर तयार नसतंच. सुतार अजून बिजागऱ्या लावत असतो.

नव्या इमारतींच्या बाबतीत मात्र माणसांवर विसंबून राहावं लागत नाही. बिल्डरांच्या जाहिरातींवर आता महारेराचा क्यूआर कोड असतो, 2023 च्या ऑगस्टपासून तो सक्तीचा आहे. रस्त्यावरच्या होर्डिंगपुढे स्कूटर थांबवून कोड स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. त्यात पूर्ण होण्याची तारीख असते, ती पुढे ढकलली असेल तर तेही. लोक हे फ्लॅट घेताना बघतात, मी ताबा कधी मिळेल हे ताडायला बघते. पुनावळे, ताथवडे, रावेत या भागांत टॉवर उभे राहतात आणि भोगवटा प्रमाणपत्र आलं की काही महिन्यांत एकेक मजला भरत जातो. एका मजल्यावर चार-सहा दारं, आणि प्रत्येक दारामागे तारीख.

अशा इमारतीत पहिलं काम मिळवणं अवघड, पुढची त्यातूनच निघतात. म्हणून पहिल्या घरात मी दर सांगायच्या आधी एक खिडकी करून दाखवते. ताबा मिळालेल्या घरातली सरकती खिडकी वरून चकचकीत दिसते. काच सरकवून खालच्या पट्टीत, ज्याला सगळे ट्रॅक म्हणतात, तिथे बोट फिरवलं की सिमेंटचे खडे, सिलिकॉनची कापलेली शेपटं, एखादा स्क्रू, आणि वर वाळून बसलेली पुट्टी हाताला लागते. आमची मावशी आधी सुक्या ब्रशनं ते मोकळं करते आणि व्हॅक्यूमनं ओढून घेते. पाणी त्यानंतर. आधी पाणी टाकलं तर पुट्टीचा चिखल होऊन कोपऱ्यात जातो आणि दगड बनतो. मग ती बारीक तार घेते. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी वाहून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात. बांधकामाच्या राड्यात ती हमखास बुजतात. तार घालून ती उघडली, वरून मग्गाभर पाणी ओतलं, आणि ते आत न येता बाहेरच्या बाजूनं निघून गेलं की घरमालक वाकून बघतो. बरेच जण मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढतात.

भोकं बुजलेल्या घरात पहिल्या जोराच्या पावसात पाणी बेडरूममध्ये उतरतं. मजल्यावरच्या एकाच घरात पाणी आलं नाही, की इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तुमच्याकडे कसं नाही आलं?’ असं कोणीतरी विचारतंच. ती चर्चा आमच्यासाठी कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी. काम चालू असताना फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवायचं, ही आमची आणखी एक रीत. मशीनचा आवाज ऐकून समोरचे डोकावतात, आत येतात, बाथरूम बघतात. घरात बाई काम करवून घेतेय म्हटल्यावर समोरच्या काकूही बिनधास्त आत येतात. त्यांची पहिली चौकशी दराची असते, दुसरी माझ्या बायकांच्या आधार कार्डांची.

दर हा मोठा विषय. अर्बन कंपनी 2014 साली अर्बनक्लॅप या नावानं सुरू झाली आणि 2020 मध्ये तिनं नाव बदललं. तिच्यासारख्या अ‍ॅपमुळे घरसफाईला एक छापील दर असतो, ही समजूत घट्ट झाली. फोनवर आता हमखास ऐकू येतं, ‘ताई, अ‍ॅपवर एवढ्यात होतं.’ त्यावर मी दर उतरवत नाही, तारीख विचारते. गुरुवारी सुताराचं काम संपणार, शुक्रवारी पडदेवाला, शनिवारी सामान, रविवारी पूजा, अशा घराला एकदा येऊन जाणारी सफाई पुरत नाही. सुतारानंतर एकदा जड काम आणि सामान लागल्यावर तासाभराची पुसापुशी, असं दोनदा जावं लागतं. या दोन्ही फेऱ्या मी आधीच दरात धरून सांगते. गिऱ्हाईक तिथेच थोडं विरघळतं, कारण त्याचं वेळापत्रक पहिल्यांदाच कोणीतरी नीट ऐकलेलं असतं.

चौकशा विकणाऱ्या कंपन्याही असतात. पैसे भरले की गिऱ्हाइकाचा नंबर मिळतो, पण तोच नंबर आणखी चार-पाच जणांनाही मिळालेला असतो. बिचाऱ्याचा फोन एकाच वेळी सगळीकडून वाजायला लागतो आणि तो सगळ्यांनाच नको म्हणतो. त्यापेक्षा गूगलवरची आमची फुकटातली नोंद बरी. तिथे मी एकच पथ्य पाळते. काम संपलं त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगायच्या, आणि त्यात नुसतं ‘छान सर्व्हिस’ न लिहिता भाग आणि निमित्त लिहायला सांगायचं : रावेत, ताबा मिळाल्यावरची सफाई. किंवा वाकड, भाडेकरू गेल्यावर. पुढचा माणूस स्वतःच्या निमित्ताचा शब्द टाकूनच शोधत असतो.

सोसायट्यांची तारीख वेगळी. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. जिन्यांची सफाई नीट होत नाही, ही तक्रार त्या सभेत निघते आणि नव्या ठेकेदाराचा शोध त्यानंतर सुरू होतो. म्हणून सेक्रेटरीकडे माझं दरपत्रक सभेच्या थोडं आधी पोचलेलं असतं. तिथे पैसे उशिरा मिळतात, पण गेटवरचा वॉचमन ओळखायला लागतो, आणि कोणाचा सामानाचा टेम्पो कधी येणार हे वॉचमनइतकं कोणाला माहीत नसतं. ‘टाक्याही करता का?’ असं कमिटी विचारते. जमिनीखालची बंदिस्त टाकी आम्ही घेत नाही. 2025 च्या मार्चमध्ये मुंबईत नागपाड्याला पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. आतल्या हवेची तपासणी, पंख्यानं हवा खेळवणं, वर दोर धरून उभा माणूस ही व्यवस्था असलेल्यांनीच ते काम करावं. हे सांगितल्यावर एखादं काम हातचं जातं, पण कमिटीतली शहाणी माणसं उरलेली कामं देतात.

या सगळ्या तारखा एकत्र मांडल्या की हाती उरतं ते पंचांग. माझ्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयाशिवाय दुसरी वही नसते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी नव्या घरात पाऊल टाकणारे पुष्कळ. पितृपक्षात नवं घर कोणी उघडत नाही, पण लगेच घट बसायचे असतात, म्हणून जुनी घरं त्याच पंधरवड्यात काढली जातात. गोधड्या, पडदे, माळे, सगळं. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्या महिन्यात वास्तुशांत नाही. पण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून वाण द्यायचं असतं, आणि जावई यायचा म्हटलं की सासूबाईंना आधी सोफ्यावरचे डाग दिसतात. या सफाईची जाहिरात मी नव्या टॉवरांत करत नाही. चिंचवडगाव, निगडी-प्राधिकरण अशा जुन्या वस्तीत करते, जिथे लेकी सासरी गेलेल्या आहेत.

तारखेवर चालणाऱ्या धंद्याची खोड अशी की सगळ्यांच्या तारखा एकदम येतात. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात मला रोज कोणाला तरी नाही म्हणावं लागतं, आणि त्याच दिवसांत लातूर-बीडकडच्या माझ्या बायकांना भाऊबिजेला गावी जायचं असतं. मग येतो पौष. ना लग्न, ना वास्तू, फोन गप्प. सफाईचं काम शिकलेली, कुठल्या दगडाला अ‍ॅसिड चालत नाही हे कळणारी बाई त्या महिन्यात दुसरीकडे लागली की परत येत नाही. संगमरवरावर अ‍ॅसिडचा एक थेंब पडला तर चमक जाते, आणि नव्या बाईला हे कळेपर्यंत एखाद्याचा देव्हारा गेलेला असतो.

म्हणून आता मी नवं गिऱ्हाईक शोधते ते ज्याची तारीख बाकीच्यांशी जुळत नाही असं. शाळा आणि क्लासेस मे महिन्यात रिकामे असतात आणि त्यांना जूनच्या आत सगळं चकचकीत हवं असतं. मंगल कार्यालयांना लग्नसराई संपली की वेळ मिळतो. दातांच्या दवाखान्यांना रविवारी दुपार चालते. आणि अमेरिकेत असलेल्या लोकांचे इथले बंद फ्लॅट : नाताळच्या सुटीत ते येतात, म्हणजे पौषाच्या आसपास. त्यांची किल्ली शेजारच्या आजी-आजोबांकडे असते, तेव्हा ओळख आजींशी ठेवावी लागते. आल्यावर तिळगूळ, गेल्यावर ‘घर बंद केलं नीट’ असा फोटो. असं एक गिऱ्हाईक दिवाळीच्या दहांइतके पैसे देत नाही, पण बरोबर महिन्यात देतं.

नवं काम मिळालं की मी टेम्पोत बसल्या बसल्या बायकांना सांगते. घर कुठे आहे, किती मोठं आहे, हे त्या नंतर विचारतात. सगळ्यात जुनी मावशी पहिलं विचारते, ‘कोणत्या महिन्यातलं हाय?’ गिऱ्हाईक चांगलं की वाईट, हे तिच्या एका प्रश्नात कळतं.