काफिरूनचे सहा चौकोन

(खेळता खेळता हिफ्ज : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, संपवला. आता पोर सूरांकडे वळतं, तेही मागच्या दाराने. कुरआनात ११४ सूरा, ३० पारे. पण फातिहा पाठ झाली की बहुतेक मकतबांत थेट शेवटचं टोक धरतात. नास, फलक, इखलास असं मागे मागे यायचं. तिसाव्या पाऱ्यात, मुलांच्या तोंडच्या ‘अम्म पाऱ्या’त, ३७ सूरा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच अगदी छोट्या. कौसर तर अवघ्या तीन आयतींची. पाच वर्षांच्या पोराला बकराच्या २८६ आयतींसमोर उभं करण्यात काय हशील?

शिवाय या सूरांना नाद आहे. नासच्या सहाही आयती ‘स’वर येऊन टेकतात, इखलासच्या चारही ‘द’वर. आयत संपली की एक बोट मिटायचं, एवढ्यावर लहानगी खूश असतात. एखादी आयत गाळली तर बोट उघडं राहतं आणि चूक पोराची पोरालाच दिसते.

खरी गंमत काफिरूनमध्ये. आयती सहाच, पण तिसरी आणि पाचवी अक्षर न् अक्षर सारखी. पोर पाचवीवर पोचतं, त्याला वाटतं ही तिसरीच, की पुन्हा चौथी, पुन्हा पाचवी. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल चालू, कुणी थांबवेपर्यंत. नाहीतर तिसरीवरून टुणकन सहावीवर उडी. अशा सारख्या आयतींना मुतशाबिहात म्हणतात, आणि मोठमोठे हाफिजही त्यांना वचकून असतात.

यावर अंगणात खडूने ठिक्करबिल्ल्यासारखे सहा चौकोन आखावेत. तिसरा आणि पाचवा लाल. तिसऱ्यात एका पायावर, पाचव्यात दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं. चौकोनात आयत लिहायची नाही, फक्त आकडा. अल्लाहच्या कलामावर पाय पडता कामा नये. (हा नियम मुलंच मोठ्यांपेक्षा कडक पाळतात. आकडा नीट पुसला गेला की नाही, तेही बघतात.) चार दिवसांनी चौकोन पुसून मांडी घालून म्हणायला बसवलं, तरी पाचव्या आयतीला पायाचे अंगठे हलतात. हलू द्यावेत.

फीलसाठी एवढा खटाटोप लागत नाही. मक्केवर हत्ती घेऊन चालून आलेला अब्रहा आणि खडे टाकणारी पाखरं, ही गोष्ट सांगितली की काम झालं.

मात्र खेळाने उच्चार येत नाही, हे मी ठासून सांगेन. अरबीत ‘क’ दोन. एक पडजिभेपाशी उमटणारा, दुसरा आपला नेहमीचा. पहिल्याने ‘कल्ब’ म्हटलं तर हृदय, दुसऱ्याने म्हटलं तर कुत्रा. मुलं खो खो हसतात, पण हसल्याने जीभ वळत नाही. त्यासाठी उस्ताद किंवा आपा समोर बसून ऐकणार, थांबवणार, पुन्हा म्हणवून घेणार. मोबाइलवर दिवसभर तिलावत लावून ठेवणाऱ्या पालकांना वाटतं, पोर शिकतंय. ऐकून चाल येते. पोराचं चुकलं तर मोबाइल त्याला अडवत नाही.

आणि पाठ झालेलं टिकतंच असं नाही. दावं सैल सुटलेल्या उंटापेक्षाही कुरआन लवकर निसटतो, असं हदीस सांगते. म्हणून मकतबात नव्या सबकाइतकंच आमोख्त्याला, म्हणजे जुन्याच्या उजळणीला महत्त्व. घरी ती भेंड्यांसारखी घ्यावी. मागून पुढे शिकलेल्या मुलांना ‘हिच्या आधीची कुठली?’ झटकन येतं, ‘नंतरची?’ विचारलं की अडतात. भाकरी थापता थापता आईने विचारावं :

‘‘कौसरच्या आधी?’’

‘‘माऊन.’’

‘‘तिच्या आधी?’’

‘‘कुरैश. मग फील!’’

‘‘बरं. आता फीलच्या नंतर?’’

‘‘...आई, थांब. बोटं मोजू दे.’’