ई-रीडर बंद पडला तर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकलगर्दीत मला ई-रीडरचा मोठा आधार. तो सुरू होईना, की लोक त्याला मेलेला समजतात. घाई नको. त्याच्या पडद्याला वीज लागते ती पान बदलताना. म्हणून बॅटरी संपली तरी जुनं चित्र तसंच राहतं. आपल्याला वाटतं, अडकला. तो असतो उपाशी.

आधी वायर आणि चार्जर बदलून पाहा. तासभर चार्जिंगला ठेवा. किंडल असेल तर बटण ४० सेकंद दाबून धरा. यानं पुस्तकं पुसली जात नाहीत. फॅक्टरी रीसेट मात्र शेवटी. त्यात स्वतः भरलेल्या कविता, टिपणं जातात. बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि जाणकाराकडे न्या.