परदेशी जायचे तर मुलांना कोणत्या लाईनला घालावे?



शेतकी खात्याच्या या पानावर लागण, खोडवा, हुमणी यांची माहिती येत असते. या वेळी विषय जरा वेगळा आहे. गटात उसाच्या नोंदी घेत फिरताना बांधावर आम्हांस बेण्याच्या जातीइतकाच आणखी एक प्रश्न हल्ली विचारला जातो : "साहेब, पोरगं बाहेरच्या देशात जायचं म्हणतंय, कुठल्या लाईनला घालू?" वाटण्या होता होता चार एकराचे दोन आणि दोनाचे एक झाले. एका एकराच्या उसावर दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना बहुतेक जण आधी देश ठरवतात आणि मग धंदा शोधतात. आमच्या मते हा क्रम उलटा हवा.

याचे कारण असे की परदेशाचे कायदे आपल्या मुलाचा कोर्स पुरा होईपर्यंत थांबत नाहीत. ब्रिटनने २०२२ साली वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मदतनिसांना व्हिसा खुला केला आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवीन भरतीसाठी तो बंद केला. कॅनडाने २०२४ साली विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये संगणकवाल्यांच्या एच-१बी व्हिसाच्या नवीन अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. एकाच देशाकडे बघून तीन-चार वर्षे घातलेल्यांचे काय झाले असेल याचा विचार करा. म्हणून जे काम इथेही पोट भरेल आणि एकापेक्षा जास्त देशांत चालेल, तेच शिकवावे.

प्रत्येक धंदा सरहद्द ओलांडत नाही. वकिली, महसुलाचे काम हे त्या त्या देशाच्या कायद्याला बांधलेले असते. याउलट पाईपचा सांधा इथला काय आणि आखातातला काय, सारखाच असतो. वेल्डरची सहा-जी म्हणतात ती पाईपची परीक्षा सगळीकडे एकच अर्थाने घेतली जाते. कागद कितीही आणा, शेवटी मुलाला सांधा मारायला लावतात व तो तपासतात.

आता लांब कशाला, आपल्या कारखान्याच्याच आवारात बघा. गव्हाणीपासून पॅनपर्यंतचे काम जाणणारा माणूस आफ्रिकेत लागतो. युगांडात लुगाझीचा कारखाना १९२४ साली मेहतांनी व काकिराचा १९३० साली माधवानींनी काढला. दोन्ही घराणी गुजराती. विषुववृत्ताजवळचा पाऊसपाणी असल्याने तिकडे आपल्यासारखा चार-पाच महिन्यांचा हंगाम नसतो, गाळप बहुतेक वर्षभर चालते. आपल्याकडचे केमिस्ट, पॅनमन, फिटर तिकडच्या कारखान्यांवर जात आले आहेत. (त्याच युगांडातून १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना बाहेर काढले होते, हेही विसरू नये. माधवानी १९८५ साली परतले.) या लाईनसाठी विज्ञानाची पदवी घेऊन मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत साखर किंवा मद्यार्क तंत्रज्ञान शिकता येते. ज्याचे शिक्षण कमी आहे त्याने बॉयलर अटेंडंटचे सरकारी प्रमाणपत्र मिळवावे. बिनप्रमाणपत्राचा, पण "सगळं येतं" असा माणूस आपल्या कारखान्यात चालून जाईल, बाहेर त्याला कुणी विचारत नाही.

मुलींसाठी नर्सिंगसारखी दुसरी लाईन आम्हांस दिसत नाही, आणि मुलांनीही ती कमी लेखू नये. मात्र प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः पाहावे. ए.एन.एम. वर थांबू नये. जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, यांनाच बाहेर परिचारिकेचा दर्जा मिळण्याची वाट आहे. पुढे नोंदणी, एक-दोन वर्षे मोठ्या रुग्णालयातला अनुभव आणि त्या देशाची परीक्षा. अमेरिकेला एनक्लेक्स, ब्रिटनला इंग्रजीची व कामाची वेगळी, जर्मनीला जर्मन भाषेची बी-२ पातळी.

जर्मनीचे नाव सध्या गावोगाव निघते. आपल्या राज्य सरकारने २०२४ साली तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर फारच. पण करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. तेथील कायद्यात २०२४ च्या मार्चपासून एक वाट निघाली आहे, ती आय.टी.आय. वाल्यांनी नीट समजून घ्यावी. आपल्या देशात मान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, त्यावर कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराची नोकरी हातात असेल, तर काही क्षेत्रे सोडून इतरत्र प्रमाणपत्राची वेगळी मान्यता न घेता कामाचा व्हिसा मिळू शकतो. आता फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एका वर्षाचा. लवकर सुटतो म्हणून एका वर्षाचा ट्रेड घेणाऱ्याला ही वाट पुढे अडते. दहावी-बारावीनंतर थेट तिकडे जाऊन पगारी उमेदवारी करण्याचीही सोय आहे, तिला साधारण बी-१ पातळीची जर्मन लागते. पदवीसाठी जाणाऱ्याला मात्र वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो तिकडच्या बंदिस्त खात्यात आधी दाखवावे लागतात. सरकारी विद्यापीठांत फी नाही असे जे सांगतात ते बऱ्याच अंशी खरे, पण करारवाल्या त्याच राज्यात २०१७ पासून आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात.

जपानने २०१९ पासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांना व्हिसा दिला, आणि आपला त्यांच्याशी करार २०२१ साली झाला. त्यात शेतीकामही आहे, म्हणून ही वाट आपल्या मुलांना जवळची. भाषेची एन-४ किंवा त्या तोडीची परीक्षा व कामाची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, बायकोमुलांना नेता येत नाही. लग्न ठरवणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावे.

भाषेला वेळ लागतो. आडसाली लागण जशी दीड वर्षे शेत अडवते तसेच समजा. कोर्स संपल्यावर क्लास लावण्यापेक्षा कोर्ससोबतच लावावा.

आता पैशाचे. मागील हंगामात एक सभासद ऊस बिलातून कपातीचे हमीपत्र मागायला गट ऑफिसला आले. मुलाला आखातात पाठवायला एजंटाने साडेतीन लाख मागितले होते. आम्ही एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारला, तो नव्हता. व्हिसाचा कागद पाहिला, तो पर्यटनाचा निघाला. हमीपत्र दिले गेले नाही आणि ते आमच्यावर रुसून गेले, पण एकर शाबूत राहिला. उत्प्रवासन कायदा १९८३ प्रमाणे परदेशी नोकरभरती करणाऱ्याला केंद्र सरकारची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून त्याने घ्यायची फी तीस हजार रुपये अधिक जी.एस.टी. यापुढे जाता कामा नये, आणि तिची पावती घ्यावी. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीची नोंद येते व आखातासह काही देशांत कामाला जाताना त्याला परवानगी काढावी लागते. नुसती दहावी सुटली तरी हा खोळंबा टळतो.

शेवटी कागदपत्रे. जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव व इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर एक असावे. आपल्याकडे एका ठिकाणी "राव" लागतो, दुसरीकडे गळतो. लग्नानंतर मुलीचे नाव बदलते. हे दुरुस्त करायला महिने जातात. प्रमाणपत्रांची पडताळणी राज्य शासनाकडून आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, ही पद्धत आपल्याकडे २००५ पासून आहे. जे देश त्या करारात नाहीत त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. ज्यांच्या मुलांची यंदा दहावी आहे त्यांनी बोर्डाचा अर्ज भरतानाच जन्मदाखला शेजारी ठेवून नाव ताडून पाहावे.