नव्या घराची बाग : खर्चाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या बंगल्याचं अंदाजपत्रक पाया, स्लॅब, फरशी, फर्निचर असं करत वास्तुशांतीपर्यंत येतं आणि तिथे संपतं. बाहेरच्या जागेची आठवण होते ती पाहुणे जेवून गेल्यावर, हातात उरलेल्या पैशांत. मग नर्सरीतून टेम्पो भरून रोपं येतात, पावसाळाभर छान दिसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांतली बरीचशी माना टाकतात. दोष माळ्याच्या माथी जातो. पण चूक बहुतेक वेळा खर्चाच्या क्रमात असते.

हिशेबासाठी एक प्लॉट डोळ्यांसमोर धरू. तीन गुंठे, म्हणजे ३,२६७ चौरस फूट जागा. घराने १,४०० चौरस फूट व्यापली, गाडीची वाट आणि फरसबंदी ८००, उरलेल्यातले १,००० चौरस फूट बागेला: त्यात ६०० लॉन, ४०० वाफे. रुपयांतले दर पुण्यात एक, चिपळूणात दुसरे आणि नागपुरात तिसरे असतात. मापं मात्र सगळीकडे तीच, आणि मापं हाताशी असली की कोणत्याही ठेकेदाराचं कोटेशन नीट वाचता येतं.

गैरसमज १ : बांधकामखर्चाच्या दहा टक्के बाजूला ठेवले की बागेचं भागतं.

वस्तुस्थिती : घर किती महाग आहे यावर बागेचा खर्च ठरत नाही. तेच घर तीन गुंठ्यांत बांधलं आणि दहा गुंठ्यांत बांधलं, तर बाहेरचं काम कितीतरी पटींनी बदलतं. त्यामुळे टक्केवारी सोडून दोन याद्या कराव्यात. पहिली यादी हार्डस्केपची : फरसबंदी, पायऱ्या, बसायचे कट्टे, वाफ्यांच्या कडा, दिवे, नळ, गटार. दुसरी सॉफ्टस्केपची : माती, खत, लॉन, रोपं. आपण दुसऱ्या यादीवर चर्चा करतो. पैसा मात्र सहसा पहिल्या यादीत जातो.

पहिल्या यादीत बारकावेही जास्त. ‘पेव्हर ब्लॉक, ८०० चौरस फूट’ एवढंच कोटेशनमध्ये लिहिलं असेल, तर जाडी विचारा. नुसत्या पायवाटेला ५० मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात, मोटार जाणार असेल तर ६० मिलिमीटरचे लागतात. खालचा खडी-मुरुमाचा दाबलेला थर दरात धरला आहे का, हेही विचारा. तो नसेल तर दोन पावसाळ्यांत चाकांच्या रेषेत खड्डे पडतात. काळ्या मातीच्या प्लॉटवर तर हा थर वगळूच नये. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरची फरशी तिच्यामागोमाग हलते.

गैरसमज २ : माती आपल्याच प्लॉटची, तिला कसला खर्च?

वस्तुस्थिती : बांधकाम संपतं तेव्हा प्लॉटवर वर दिसते ती शेतातली माती नसते. पायाच्या खोदाईतला मुरूम वर आलेला असतो, त्यात विटांचे तुकडे, खडी आणि सिमेंटचा गाळ मिसळलेला असतो, आणि मिक्सर-ट्रकच्या चाकांनी सगळं घट्ट दाबलेलं असतं. सिमेंटमुळे मातीचा सामू वाढतो. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्यावर खत टाकत बसतात आणि पान काही हिरवं होत नाही.

आपल्या उदाहरणात लॉनखाली सहा इंच माती धरली तर ३०० घनफूट लागते. वाफ्यांत दीड फूट धरली तर ६०० घनफूट. एकूण ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास. सैल माती पाण्याने बसते, म्हणून प्रत्यक्षात एखाद-दुसरा ब्रास जास्तच मागवावा लागतो. यात कुजलेलं शेणखत वेगळं, आणि त्याआधी राडारोडा उचलून नेण्याचं भाडं वेगळं. राडारोडा जागीच पुरून वर माती पसरू देऊ नका. बांधकामाच्या ठेकेदाराशी करार करतानाच ‘प्लॉट साफ करून देणे’ ही अट घातली, तर हा खर्च बागेच्या खात्यावर येतच नाही. आणि माती विकत घेण्याआधी तिचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्या. चुकीच्या मातीच्या एका ट्रॉलीपेक्षाही ते काम स्वस्तात होतं.

गैरसमज ३ : बागेचं काम सगळ्यात शेवटी, घराला रंग लागल्यावर.

वस्तुस्थिती : काही कामं त्याच्या बरीच आधी करायची असतात आणि काही त्याच्याही नंतर. गाडीच्या वाटेचं काँक्रीट पडण्याआधी तिच्याखालून चार इंची पीव्हीसी पाइपाचे एक-दोन तुकडे आडवे टाकून ठेवले, तर पुढे पाण्याची नळी आणि दिव्यांची केबल त्यांतून सरकवता येते. त्या वेळी खर्च किरकोळ असतो. नंतर तेच करायला वाट फोडावी लागते. बागेतले नळ, दिव्यांचे पॉइंट आणि पावसाच्या पाण्याची वाट हीदेखील प्लंबर आणि वायरमन साइटवर असतानाच उरकावी.

उलट जोत्याला लागून असलेली फरसबंदी शक्य तर एक पावसाळा थांबवावी. पायाभोवती भरलेली भर पहिल्या पावसात खाली बसते आणि घाईने घातलेली फरशी तिच्याबरोबर दबते. फरसबंदीचा उतार घरापासून दूर, शंभर फुटांना एक फूट या हिशेबाने, म्हणजे दहा फुटांत साधारण सव्वा इंच ठेवतात. वाफ्यातली माती जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. नाही तर ओल भिंतीत चढते. गच्चीच्या १,४०० चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ६,५०० लिटर पाणी खाली उतरतं. ते कुठे जाणार, हे नकाशावरच ठरवावं. कोकणात तर निचरा हीच बागेची पहिली गरज असते.

गैरसमज ४ : झाडं नकोत, लॉन टाका, तेच सगळ्यात स्वस्त.

वस्तुस्थिती : लॉन लावायला स्वस्त आणि सांभाळायला महाग. ६०० चौरस फूट लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर सुमारे २८० लिटर लागतं, आणि देशावरच्या कडक उन्हाळ्यात तेवढंही कमी पडतं. शहरी पाणीयोजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर धरतात. म्हणजे एवढंसं लॉन दोन माणसांचं पाणी पितं, आणि दहा हजार लिटरचा टँकर ३६ दिवसांत संपवतं. याशिवाय कापणी, खत आणि लव्हाळा उपटण्याची मजुरी. भरपूर ऊन नसेल तर एवढं करूनही लॉन विरळच राहतं.

मुलांना खेळायला किंवा संध्याकाळी बसायला लागेल तेवढंच लॉन ठेवावं. बाकी जागा झुडपं, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती आणि पालापाचोळ्याच्या आच्छादनाला द्यावी. वाफ्यांना ठिबक सुरुवातीलाच बसवा. ताशी दोन ते चार लिटरचे ड्रिपर आणि एक टायमर एवढ्यात पाणी आणि माळ्याचा वेळ दोन्ही वाचतात.

गैरसमज ५ : मोठी झाडं आणली की बाग पहिल्याच वर्षी भरते.

वस्तुस्थिती : पंधरा फुटी झाड विकत घेतलं की खड्डा, क्रेन, आधाराचे बांबू असं सगळंच मोठं होतं. शिवाय उपटताना त्याची बरीच मुळं तुटलेली असतात, त्यामुळे ते काही काळ नुसतं जीव धरून राहतं. चार फुटी निरोगी रोप पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलं तर लवकर रुजतं आणि काही वर्षांत त्याची बरोबरी करतं.

झटपट हिरवळीच्या हौसेत आणखी एक फसवणूक होते. कुंपणाला लावला जाणारा कोनोकार्पस भराभर वाढतो, पण त्याची मुळं पाइपलाइन आणि गटारांत शिरतात अशा तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. वड, पिंपळ, उंबर यांनाही छोट्या प्लॉटवर घराजवळ जागा नाही. पारिजातक, सोनचाफा, बकुळ, कढीपत्ता अशी आपल्या हवेत रुळलेली झाडं कमी लाडांत वाढतात.

प्लॉटवर आधीपासून झाड असेल, तर ती आयती मिळालेली सावली आहे. शहरी भागात ते तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. त्यामुळे घराचा आराखडाच झाड वाचवून काढावा.

गैरसमज ६ : नर्सरीवाला डिझाइन फुकट देतो, मग वेगळी फी कशाला?

वस्तुस्थिती : फुकट डिझाइनची किंमत रोपांच्या संख्येत वसूल होते. जवळजवळ लावलेली बाग फोटोत भरगच्च दिसते, आणि दोन वर्षांत त्यांतली अर्धी झुडपं काढावी लागतात. लँडस्केप डिझायनर फी चौरस फुटावर, ठोक किंवा कामाच्या टक्केवारीत घेतो. त्या पैशांत मोजमापांचा नकाशा, उतार, रोपांची नावं, आकार व संख्या आणि कामाचं परिमाणपत्रक मिळायला हवं. हा कागद हातात असेल तरच तीन ठेकेदारांचे दर एकाच मापाने तोलता येतात. ‘गार्डन वर्क, ठोक’ अशा एका ओळीच्या कोटेशनची तुलना कशाशीच होत नाही.

सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : जीएसटी दरात आहे की वर लागणार, मेलेलं रोप किती महिन्यांपर्यंत बदलून मिळणार, आणि शेवटचा हप्ता कधी द्यायचा. हा हप्ता पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवला, तर निचरा आणि उताराची परीक्षा तुमच्या पैशांवर होत नाही.

गैरसमज ७ : एकदा खर्च केला की विषय संपला.

वस्तुस्थिती : बागेला दरमहा खर्च असतो. माळी, पाणी, खत, छाटणी यांची वार्षिक बेरीज पहिल्या अंदाजपत्रकातच मांडा. ती झेपत नसेल तर बाग लहान करा. एकूण रकमेच्या दहा टक्के अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवा. जमिनीखाली काय निघेल ते आधी दिसत नाही.

पैसे कमी असतील तर काम टप्प्यांनी करा, पण टप्प्यांचा क्रम बदलू नका : आधी उतार आणि निचरा, मग पाइप आणि केबल, मग माती, मग सावलीची झाडं, त्यानंतर फरसबंदी, आणि लॉन, कारंजी, शोभेचे दिवे सगळ्यात शेवटी. शेवटच्या गोष्टी पाच वर्षांनीही करता येतात. पहिल्या राहून गेल्या, तर त्यांच्यासाठी नंतरचं सगळं उखडावं लागतं. म्हणून घराचा नकाशा मंजुरीला जाईल, त्याच आठवड्यात बाहेरच्या जागेचाही नकाशा काढायला घ्या.